वाऱ्यावरचा मंडप

“त्या महिन्यात बेटावर वारा असतो, बाई. मंडप टिकायचा नाही,” लग्नाची आयोजिका फोनवर म्हणाली.

“मंडप फाटला तर मी शिवून देईन. तारीख तेवढी हलवू नका,” शिवणबाई म्हणाल्या. मशीनवरचा पाय त्यांनी थांबवलाही नाही.

सगळी गल्ली त्यांना शिवणबाईच म्हणे. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरींचे लग्नाचे कपडे शिवले होते. आता घरातल्या पोरीचं लग्न होतं, आणि त्यांनी हट्टच धरला होता. बेटावर, ऐन समुद्राच्या काठावर, मोजक्या एकोणीस माणसांत. बोट ठरली. नारळाच्या बागेतल्या खोल्या ठरल्या. बेटावरच्या रजिस्ट्रारनेही सकाळी अकराला यायचं कबूल केलं.

पोरगी इस्पितळात नर्स होती. एकदा ड्यूटीवरून आली आणि कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली. “आई, असे पाय समुद्रात सोडून बसायचंय एकदा,” ती म्हणाली होती. “आणि आजूबाजूला बघणारं कोणी नको.”

शिवणबाईंनी ते मनात पक्कं टाचून ठेवलं. त्या पोरीला तिची हौस आजवर कुणी विचारलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी नणंद दुकानात येऊन थडकली. “वहिनी, इथले हॉल काय जळाले का? समुद्र ओलांडून कसलं लग्न करतेस?”

“इथे केलं तर निम्मे लोक जेवायला येतील आणि निम्मे तिच्या तोंडाकडे बघायला.”

“आणि तुझा सख्खा मुलगा? परदेशातून फोन करकरून नको म्हणतोय. त्याचं काहीच नाही का?”

“त्याचं ऐकण्यात माझी बरीच वर्षं गेली. हात वर कर.”

“कशाला?”

“माप घेते. लग्नाला काय जुन्या कपड्यांत येणार आहेस?”

नणंदेने तोंड वाकडं केलं. पण हात वर केले.

खरी अडचण घरात होती. शिवणबाईंचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले. भांडण त्यांना जमत नसे. विषय नावडता निघाला की ते पेपर तोंडासमोर धरत. त्या संध्याकाळी त्यांनी फोन ठेवला आणि पेपरही उचलला नाही.

“काय म्हणतोय?” शिवणबाईंनी विचारलं.

“लग्नाला गेलात तर आईबाप मेले असं समजेन म्हणतो. चारचौघांत त्याची मान खाली जाते म्हणे.”

“त्याची मान! बरं, आणि तुम्ही काय म्हणालात?”

ते चष्मा पुसत राहिले. “मी नाही येत गं. आपला एकच मुलगा आहे तो.”

दारात पोरगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“आई, राहू द्या,” ती म्हणाली. “आम्ही दोघं कचेरीत जाऊन सह्या करून येतो. माझ्यापायी तुमचं घर मोडायला नको.”

“घर माझं, पोरगी माझी, हौसही माझी. तू फक्त सुट्टी मंजूर करून घे,” शिवणबाईंनी विषय मिटवला.

लग्नाच्या सकाळी वाऱ्याने आयोजिकेचं म्हणणं खरं केलं. मंडपाचं कापड मधोमध टराटरा फाटलं. आयोजिका वाळूत बसून रडायलाच लागली.

“रडू नका, ते टोक धरा,” शिवणबाई म्हणाल्या. पर्समधून सुई काढून त्यांनी वाळूतच फतकल मारली. नवरदेवाची आई समोर बसून कापड ताणून धरू लागली. नवरदेव शाळेत गणित शिकवणारा, उंच आणि लाजाळू. तो बांबू सांभाळत उभा राहिला. दोन तास शिवणबाईंनी मान वर केली नाही. मंडप पुन्हा चढला तेव्हा शिडासारखा टम्म फुगला, पण एक टाका सुटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पोरगी मात्र बोटीच्या वाटेकडे बघत होती.

“मंडपापर्यंत मी चालते ना तुझ्याबरोबर,” शिवणबाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात शेवटची बोट लागली. इस्त्रीचा कोट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, हातात बूट, अशा अवतारात एक गृहस्थ पाण्यातून तरातरा येऊ लागले.

“अहो, तुम्ही?”

“त्याला फोन केला,” यजमान धापा टाकत म्हणाले. “म्हटलं, तुझा बाप जिवंत आहे आणि लग्नाला निघालाय. तुला काय समजायचं ते समज.” मग त्यांनी पोरीपुढे हात केला. “चल बाळ. तुझ्या बाजूने मी आहे.”

इतकं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते. पोरीने त्यांचा हात घट्ट धरला. लाटा दोघांच्या पायांवरून येत-जात होत्या आणि ती मोठमोठ्याने हसत होती. कित्येक वर्षांत शिवणबाईंनी ते हसू ऐकलं नव्हतं. नव्या कपड्यांत नणंद सगळ्यांत जास्त रडली.

हार घालून झाल्यावर रजिस्ट्रारने घडीच्या टेबलावर वही उघडली. “वधूकडून साक्षीदार कोण?”

शिवणबाईंनी पुढे होऊन ठसठशीत सही केली.

“नातं काय लिहू? आई?”

“नाही.”

“मग नवरदेवाच्या आई का तुम्ही?”

“छे. त्या काय, पाण्यात उभ्या आहेत.” शिवणबाईंनी मान ताठ केली आणि मंडपातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “लिहा, हिच्या पहिल्या नवऱ्याची आई.”