करंगळीएवढी धार

बादली भरून वाहू लागली, तरी थोरले नळाकडे बघतच उभे राहिले. सकाळच्या वेळी एवढी जोरदार धार? आणि या घरात? काहीतरी बिनसलं होतं.

बिल्डिंगचा मोठा पाईप तळमजल्यावरच्या पंपापासून जिन्याच्या कोपऱ्याने सरळ वर चढायचा आणि शेवटी चौथ्या मजल्यावर, त्यांच्या घरी संपायचा. खालच्याने नळ सोडला की वरच्याच्या नशिबी करंगळीएवढी धार. बरोबर खाली घर होतं ते त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं.

वडिलांच्या आरामखुर्चीवरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. खुर्ची कधीच मोडली. भांडण मात्र पक्क्या लाकडाचं निघालं.

तेव्हापासून रोज तेच. धार बारीक झाली की थोरले बाथरूममधल्या पाईपवर पान्याने तीनदा ठोकायचे. म्हणजे, नळ बंद कर नालायका! उत्तरादाखल दोन ठोके यायचे. म्हणजे, नाही करत, जा! मग थोरले मनसोक्त शिव्या घालायचे आणि त्या प्लंबरचाही उद्धार करायचे, कारण त्या शहाण्याने बाथरूमच्या पाण्याची चावी बसवली होती स्वयंपाकघरात, ओट्याखाली. "बाथरूममध्ये पूर आला तर स्वयंपाकघरात पळायचं!"

थोरल्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला, मीठ बंद केलं, चिडणंही बंद करायला सांगितलं. पण ही सकाळची खणाखणी काही बंद झाली नाही. "त्याच्यावरच तर जगताय तुम्ही," बायको म्हणायची.

आज धार बारीक झालीच नाही.

थोरल्यांनी तरीही तीनदा ठोकलं. उत्तर नाही. पुन्हा ठोकलं, जोरात.

"अगं, खालून आवाज नाही आला!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. "पाणी येतंय ना? मग करा की अंघोळ! नसलं तरी कटकट, असलं तरी कटकट."

"काय पाडलंस?"

"काही नाही. या डाव्या हाताने मेलं काही धड होत नाही."

काल घसरून पडल्यामुळे तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

थोरले बाहेर आले, बसले, पुन्हा उठले. "तो गावाला गेला असेल का गं?"

"असेल. मला काय माहीत?" ती ओट्याखाली डोकं घालून काहीतरी शोधत होती. "तुम्ही आत जा बघू आधी."

धाकट्याला साखरेचा त्रास होता. चक्कर येऊन पडला असेल तर? लहानपणीही तो असाच, दुखलंखुपलं तर कोणाला सांगायचा नाही. भांडायला तरी जिवंत राहा रे बाबा, ते पुटपुटले. जळो ती खुर्ची. आज दार उघडलं की आधी मिठीच मारायची त्याला, मग शिव्या.

बायकोने अडवलंच असतं, म्हणून ते न सांगताच बाहेर पडले. कठडा धरून, दम खात, एक मजला उतरले.

धाकट्याच्या दाराला कुलूप होतं. कुलपावर जळमट होतं.

थोरल्यांनी दार बडवलं. समोरच्या घरातला शिंपी गळ्यात टेप अडकवलेला तसाच बाहेर आला.

"काका! तुम्ही जिना उतरलात?"

"हा कुठे गेलाय? कधी गेला?"

शिंप्याची मान खाली गेली. "काका, बसा आधी. तुम्ही हॉस्पिटलात होतात ना, तेव्हाच ते गेले. झोपेतच. धाकट्या काकू मग लेकीकडे राहायला गेल्या. तुमच्या जिवाला जपायचं म्हणून थोरल्या काकूंनी सगळ्या बिल्डिंगला शपथ घातली होती."

"वेड लागलंय का तुला?" थोरले ओरडले. "काल सकाळी ठोकलंय त्याने! माझ्या कानांनी ऐकलंय मी!"

शिंप्याने त्यांना धरून पायरीवर बसवलं.

तेवढ्यात जिन्याच्या कोपऱ्यातला पाईप वाजला. दोनदा. आजचे ठोके कच्चे होते, अडखळत आले होते.

आणि ते वरून आले होते.