कमरेचं फडकं

तीस वर्षं आईनं ग्रंथालयाची फरशी पुसली, पण मान वर करून छत बघायची सवड काही मिळाली नाही. आज छतावरची चित्रं उजळवणाऱ्या लेकीनं तिला हाताला धरून परांचीवर चढवलं आणि स्वतः तपासनीस बाईंना आणायला खाली उतरली. सोनेरी ढगांतून पुस्तकं घेऊन पऱ्या उडत होत्या. एकीच्या टाचेपाशी मात्र तळहाताएवढा काळाकुट्ट चौकोन राहिला होता. पोरीच्या नजरेतून सुटला वाटतं! आईनं कमरेचं फडकं काढलं, थुंकी लावून तो लख्ख पुसला. बाईंना घेऊन वर येताच लेकीनं कपाळावर हात मारला. “अगं आई, आधी किती काजळी होती, त्याचा पुरावा म्हणून मुद्दाम ठेवला होता तो!” आईचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी तिच्या हातातलं काळंमिट्ट फडकं निरखलं. “पुरावा हा इथं आहे की! काचेत लावा आणि खाली यांचं नाव लिहा.”