गाडीला सोसतं का?

"गाडीला सोसत नाही, एवढंच सांगा त्यांना," ती म्हणाली. "बाकी काही बोलू नका."

गॅरेजात लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली मिस्त्री पेटती बॅटरी घेऊन उभा होता. त्यानं मान बाहेर काढली. नर्सच्या गणवेशातली ती बाई जुन्या टायरांच्या ढिगावर टेकून बसली होती. रात्रीची ड्यूटी संपवून थेट इथे आली होती, नवऱ्याच्या आधी पोचायचं म्हणून.

"पण वहिनी, सोसतं हो हिला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर आहे. वळणावर मागचा भाग मुद्दाम घसरवायचा आणि स्टिअरिंग उलटं धरून सांभाळायचं, ड्रिफ्टिंग म्हणजे तेवढंच. ही तर त्यासाठीच जन्माला आलीय म्हणा ना. टायर झिजतात, क्लच लवकर जातो, ऑइल तापतं. तेवढं वेळेवर बघितलं की गाडीला काही होत नाही."

"गाडीला होत नाही, माहितीये मला."

तिच्या पायांत गोळे आले होते. भांडायचं त्राण तर कधीच संपलं होतं. भांडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला, सासूबाईंना मध्ये घालून झालं. नवरा सगळ्यांना हो म्हणायचा आणि रविवार उजाडला की हेल्मेट उचलून त्या बंद कारखान्याच्या आवारात चालू पडायचा. चाळिशी उलटलेला माणूस!

"गेल्या महिन्यात तिथलाच एक जण आमच्याकडे आणला. खांबावर गेला होता. कंबरेखाली काही हलत नाही त्याचं. यांना सांगितलं, तर म्हणतात, त्याचा हात बसलेला नव्हता." तिनं पोटरी दाबली. "माझं ऐकत नाहीत हो. गाडीचं ऐकतील. पाऊस आला की आधी हिच्यावर कव्हर घालायला धावतात. मी तिकडे गच्चीवर कपडे काढत भिजत असते."

मिस्त्रीला हसू आलं, पण तिच्याकडे बघून त्यानं ते गिळलं. तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. उद्या देतो म्हणून गिऱ्हाइकाला आठवडाभर फिरवायचा. पण चांगल्या गाडीला वाईट म्हणायचं त्याच्या अगदी जिवावर यायचं. आणि ही तर त्यानं स्वतःच्या हातानं मार्गी लावलेली गाडी.

"बघतो," तो म्हणाला.

तेवढ्यात नवरा आलाच. दातांचा डॉक्टर होता. दिवसभर लोकांना हळू चावा, गार पिऊ नका असं बजावणारा. बायकोला पाहून तो चपापला. "तू इथे? झोपली नाहीस?"

"जाता जाता आले."

"काय मिस्त्री, रविवारी निघेल ना आपली राणी?"

मिस्त्रीनं बॅटरीचा झोत गाडीच्या पोटावर धरला, म्हणजे डॉक्टरच्या तोंडाकडे बघायला नको. "डॉक्टर, मागचं डिफरन्शियल आवाज करतंय. आणखी एकदा घसरवलीत तर आतली सगळी दातेरी चाकं जातील. खरं सांगू, ड्रिफ्टिंग हिला सोसत नाही."

डॉक्टरचा चेहरा पडला. त्यानं हात वर करून मागच्या चाकावर तळवा ठेवला, तापाचं पोर तपासावं तसा. "अरेरे. आणि मी आपला दर रविवारी पिळून काढतोय हिला."

"मग आता नाही ना नेणार?" तिनं विचारलं.

"छे! शक्यच नाही. तुझी शपथ."

तिनं डोळे मिटून घेतले. इतकं सोपं होतं तर! गेली दोन वर्षं आपण उगाचच डोकं फोडत बसलो. तिला एकदम रडू येईलसं वाटलं, आणि झोपही. इथेच या टायरांवर आडवं व्हावं, कुणी उठवू नये.

"मिस्त्री, हिला असू दे इथेच," डॉक्टर म्हणाला. "नीट दुरुस्त करा, घाई नाही. या रविवारी मी आपल्या एक्स-रेवाल्याची गाडी घेऊन जातो. कधीचा मागे लागलाय, माझी ने म्हणून."

तिनं डोळे उघडले.

"ती पांढरी?" मिस्त्रीनं विचारलं. "भंगारातनं आणून त्यानं घरीच जोडलेली?"

"तीच."

मिस्त्रीनं बॅटरी विझवली. वहिनींकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही. "डॉक्टर, तिचे ब्रेक कसे आहेत?"

"काय माहीत," लिफ्टवरच्या गाडीवरून हात फिरवत डॉक्टर म्हणाला. "आपली थोडीच आहे?"