वीस डॉलर आणि एक प्रत

"दीडशे डॉलर," एजंटबाई म्हणाली. "भाड्याच्या घरासाठी अर्जाची फी. सगळेच देतात."

नोएमीला मुळात धास्ती वेगळीच होती. आपण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या या ऑफिसात आलोय हे विल्मरला, म्हणजे नवऱ्याला, कळलं तर सगळं संपलंच. मागे एकदा ती बहिणीकडे निघून जाणार असल्याचा नुसता सुगावा लागला, तर त्यानं तिचं मनगट मोडलं होतं. मग स्वतःच दवाखान्यात नेलं आणि वाटेत आइसक्रीम घेऊन दिलं. असा प्रेमळ माणूस!

लॉन्ड्रीत सोबत काम करणाऱ्या सॉयलाताईनं तिला नीट पढवून पाठवलं होतं. न्यूयॉर्कात कायद्यानं अर्जाचे वीसच्या वर एक डॉलर घेता येत नाही. आणि भाडेकरूची चौकशी केली की त्या चौकशीच्या अहवालाची प्रत त्याला द्यावीच लागते. घाबरायचं नाही, म्हणे. सांगायला काय जातं? कायदा काढला आणि घरच हातचं गेलं तर? चोरून चोरून शोधून मिळालेलं हे एकच घर, विल्मरनं कधी पाऊल न ठेवलेल्या वस्तीतलं. लेकीला घेऊन तिथे एकदा शिरलं की सुटलो, एवढंच तिला कळत होतं.

तरी ती बोलली. "कायद्यानं वीसच होतात. आणि अहवालाची प्रत हवी मला."

एजंटबाईनं चष्म्यावरून तिला न्याहाळलं. मग वीसची पावती फाडून दिली.

पुढच्या आठवड्यात नोएमी लॉन्ड्रीत असताना एजंटबाईचा फोन आला. घर मिळालं होतं. नोएमी कपड्यांच्या ढिगावर मटकन बसली आणि रडलीच.

"आणि कायद्यात आमची चूक नको हं," एजंटबाई जरा टोचून म्हणाली. अहवालाची प्रत तिनं अर्जावरच्या सध्याच्या पत्त्यावर केव्हाच टपालानं पाठवली होती. सोबत नव्या घराची सगळी माहितीही जोडली होती.

घरच्या टपालपेटीची किल्ली विल्मर कुणाला देत नसे. काय करावं हे सुचायच्या आत फोन पुन्हा वाजला.

"तुझं टपाल आलंय गं," विल्मर म्हणाला. आवाजात राग नव्हता. "घर छान दिसतंय. तिघं मावू ना आपण तिथे?"