दहाची घंटा

दहा वाजून सात मिनिटं झाली तरी घंटा होईना, तेव्हा शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका खोतबाई तरातरा बाहेर येऊन शिपायावर कडाडल्या, "भिकाजी, रोजचाच उशीर हा!"

"पहिल्या हेडसरांनीच घालून दिलंय, बाई. खाडीपलीकडची होडी धक्क्याला लागून शेवटचं पोर फाटकात आलं, की मगच घंटा. नंतरच्या तिन्ही हेडसरांनी ते मोडलं नाही."

"मीसुद्धा त्याच होडीने यायचे. दहा वर्षांत एकदाही उशीर झाला नाही. त्याचं बक्षीस अजून टेबलावर आहे माझ्या!"

मान खाली घालून भिकाजी हसला. "धावताना तुमची चप्पल सुटायची, बाई. शेवटचं पोर तुम्हीच असायचात."

एवढ्यात होडीतली पोरं फाटकातून आत शिरली. भिकाजीने घंटेच्या दोरीला हात घातला, तशी खोतबाईंची नजर धक्क्याकडे गेली.

"थांबा, भिकाजीमामा. अजून एक पोर येतंय."