भिंतीच्या डावीकडे तीन पावलं

"ग्लासावरची अननसाची फोड बघ. आरपार समुद्र दिसतोय तिच्यातून," मासारू बायकोच्या कानाशी पुटपुटला. "आणि बर्फ एवढा, की बिचारी रम गारठून गेली असेल."

"हळू बोल. शर्लीनला ऐकू जाईल," हाउनानी म्हणाली.

"जाऊ दे. मीच शिकवलंय तिला, म्हणून तर बोलतोय."

एकतीस वर्षं मासारू बेटावरच्या या हॉटेलच्या बारच्या आत उभा होता. बाहेरच्या स्टुलावर तो आज पहिल्यांदा बसला, आणि हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. कागदी रुमालाने त्याने समोरचं लाकूड दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला लागला तेव्हा शर्लीनने रुमाल काढून घेतला.

"अंकल, आज तुम्ही गिऱ्हाईक. गिऱ्हाइकासारखे बसा. वाटलं तर तक्रार करा."

"तीच चाललीय मघापासून," हाउनानी म्हणाली.

पलीकडे हॉटेलच्या अंगणात जुना वड होता. त्याच्याखाली हाउनानी वीस वर्षं रोज संध्याकाळी पाहुण्यांसमोर नाचली होती. आता तिथे पाहुण्यांच्या आरामखुर्च्या मांडल्या होत्या. कोणीतरी गिटार लावून बघत होतं. हाउनानीने तिकडे एकदाच पाहिलं आणि मान वळवली. स्टुलाखाली तिच्या उजव्या पायाने मात्र ताल धरला होता.

सकाळीच दोघांनी दरीतल्या घराच्या किल्ल्या नव्या माणसांच्या हातात दिल्या होत्या. रात्री विमान होतं, लास व्हेगासला, मुलीकडे. मुलगी फोनवर म्हणाली होती, थंडी संपेपर्यंत तर राहा. शेजारी म्हणाले, तेवढाच हवापालट. मासारू सगळ्यांना म्हणत होता, बघू. घर विकल्यावर बघायचं काय उरतं, हे कोणी विचारलं नाही.

"तिथेही वाळू भरपूर आहे म्हणे," तो शर्लीनला म्हणाला. "फक्त समुद्र आणायचा राहून गेलाय."

शर्लीन हसली, जरा जास्तच. मग काउंटरवरून वाकून तिने हाउनानीच्या गळ्यात चाफ्याचा हार घातला आणि तिच्या गालाला गाल लावला.

"घरच्या झाडाचा आहे, आंटी. एप्रिलमध्ये आलात की दुसरा करीन."

एवढं बोलून ती धुतलेलेच ग्लास पुन्हा धुवायला वळली.

दोघं चपला हातात घेऊन पाण्याकडे उतरली. बेट सोडताना गळ्यातला हार समुद्रात टाकायचा. तो किनाऱ्याला लागला, तर टाकणाराही परत येतो. हे इथे सगळेच मानतात. पाहुणे अंमळ जास्तच. बारमधल्या पाहुण्यांचा शेवटचा दिवस असला, की मासारू त्यांना स्वतः खाली घेऊन यायचा आणि पाण्यात शिरलेल्या दगडी भिंतीच्या डावीकडे बरोबर तीन पावलांवर उभं करायचा. तिथे लाट भिंतीवर आपटून वळते आणि पाण्यात पडलेलं सगळं पाच मिनिटांत परत आणून देते. टोपी, चप्पल, चेंडू. आणि हार. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यातले पुष्कळ खरोखरच परत आले.

आज हाउनानीचा दंड धरून त्याने तिला उभं केलं ते भिंतीच्या डावीकडे, तीन पावलांवर. ती पायांखालच्या वाळूकडे बघत राहिली. गळ्यातला हार काढून तिने पाण्यात टाकला.

हार थोडा आत गेला, रेंगाळला, भिंतीशी वळला आणि हळूहळू तिच्या पायांशी येऊन थांबला.

मासारू ताठ झाला. बारमधलं ते हसू त्याच्या चेहऱ्यावर आपोआप आलं.

"आला बघा! समुद्राने शब्द दिला. तुम्ही नक्की परत येणार, मॅडम."

हे वाक्य हाउनानीने वडाखालून इतकी वर्षं ऐकलं होतं, की ते कुठे संपतं आणि तो कुठे श्वास घेतो तेही तिला पाठ होतं. आज त्याने मधेच एक श्वास जास्तीचा घेतला.

तिने वाकून ओला हार उचलला. गाठ शोधली, नखाने सोडवली आणि दोरा ओढून काढला. फुलं ओंजळीत सुटी झाली. ती तिने पाण्यात सोडून दिली आणि दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"मी पाहुणी नाही, मासारू," ती म्हणाली. "परत येतात ते पाहुणे. आपण नाही येणार."