एक-दोन-तीन

ऑफिसातले बुवा तोंड धुऊन आले, पण डोळे लाल ते लालच. खुर्ची ओढून ते तिच्या टेबलाशी येऊन बसले. उद्या सकाळी त्यांच्या बायकोला, वहिनींना, मोठ्या दवाखान्यात भरती करायचं होतं. छातीत गाठ, आणि गाठ चांगली नाही. रिपोर्टात तसं स्वच्छ लिहिलं होतं.

"लवकर कळलं, हेच नशीब म्हणा," ती म्हणाली.

आठवडाभर ती हेच म्हणत होती. वहिनींनाही फोनवर हेच सांगितलं होतं. पलीकडून वहिनी नुसत्या 'हं' म्हणाल्या होत्या.

दुसरं म्हणणार तरी काय? तपासणीला वहिनी घाबरत होत्या, म्हणून 'सोबतीला मीही करून घेते' असं म्हणत ती उगाच त्यांच्याबरोबर गेली होती. सोबतीला गेलेलीचा रिपोर्ट निर्मळ आला आणि जिच्यासाठी गेली तिच्या वाट्याला हे. घरी मुलीने आनंदाने तिला मिठी मारली तेव्हासुद्धा तिला चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

बुवा उठून आपल्या जागेवर गेले. तिने कामात डोकं घातलं. कामही धड नव्हतं. एका आजोबांना गर्भ सुखरूप असल्याचा रिपोर्ट गेला होता. त्या तक्रारीवर सगळं ऑफिस पोट धरून हसलं होतं. बुवाही क्षणभर हसले, आणि मग हसल्याची लाज वाटून खाली बघत बसले.

गावोगावच्या लॅबमधून लोकांचे रिपोर्ट आणून देणं हे त्यांच्या कंपनीचं काम. ते आणणारा प्रोग्राम तिचा होता. आधीचा प्रोग्राम भाबडा होता. लॅबला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत दारात ठाण मांडून बसायचा. माणसं वाढली तशी दारात ही मोठी गर्दी झाली आणि सगळंच ठप्प झालं. मग तिने नवा लिहिला. विचारायचं आणि वाट न बघता पुढे जायचं. उत्तर सवडीने येईल. त्यावर नाव नसेल, कारण कोणाचं दुखणं बाहेर फुटायला नको. नुसता नंबर असेल, सायकल स्टँडच्या बिल्ल्यासारखा. नंबर जुळला की ज्याचं त्याला मिळेल, नाव आपण इकडे वर छापू. लाखोंची गर्दी आता चुटकीसरशी निघत होती. तिची पाठ थोपटली गेली होती.

नंबर ती घड्याळावरून काढत होती. क्षण इतका बारीक चिरला होता की त्यात दोघं मावणारच नाहीत, अशी तिची खात्री होती. पण गर्दीत काय मावत नाही? आजोबा आणि कुणी एक गर्भवती एकाच क्षणात मावले होते. एकच बिल्ला दोघांना गेला आणि उत्तरांची अदलाबदल झाली.

दुरुस्ती फार तर एका ओळीची. लिहायला तिने बोटं उचलली आणि ती तशीच राहिली.

त्या दिवशी वहिनींचा रिपोर्ट मागवताना बुवांचा हात पुढे होईना. तेव्हा ती म्हणाली होती, एकटे कशाला, माझाही बरोबरच मागवू. ते त्यांच्या मशीनवर, ती आपल्या. लहान मुलांसारखं एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदम बटण दाबलं होतं.

तिने लॅबला पुन्हा विचारलं, जुन्याच पद्धतीने. एक प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत दारातून हलायचं नाही. आधी वहिनींचा.

वहिनींना काही झालेलं नव्हतं.

पहिल्यांदा तिला आनंदच झाला, अगदी मनापासून. सुटल्या बिचाऱ्या. दुसरा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. तरी तिने विचारला, आणि तितकीच वाट पाहिली.

गाठ तिची होती. मुलीची मिठी आठवली. बुवांना आजच सांगायला हवं का, असंही मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिची तिलाच शिसारी आली. ती उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. खालच्या आवाजात, न थांबता तिने सगळं सांगितलं.

बुवांना आधी काही कळेचना. मग अर्धं कळलं, तोंडावर एकदम तेज आलं आणि हात आपसूक फोनकडे गेला. मग उरलेलं अर्धं कळलं. फोन हातात तसाच राहिला. माणूस भला. वहिनींना फोन लावायचं सोडून ते तिला धीर द्यायला शब्द शोधत राहिले. पण आठवडाभर त्यांच्या कानांवर एकच वाक्य पडलं होतं.

"लवकर कळलं, ताई," ते म्हणाले. "हेच नशीब म्हणा."